विजेची बेगमी, हवेच्या टाकीत

आमच्या गावच्या जनावरांच्या दवाखान्यात एका कोपऱ्यात ॲल्युमिनियमचं एक भांडं असायचं. आकार दुधाच्या कॅनसारखा, पण मान अगदी अरुंद. कुणाची गाय माजावर आल्याची वर्दी आली की डॉक्टर त्याचं बूच काढायचे आणि आतून पांढरी वाफ निघायची. चुलीवरच्या वाफेसारखी ती वर जात नसे, भांड्याच्या कडेवरून खाली सांडत असे. ती ओंजळीत धरायला आम्हा पोरांची चढाओढ चाले. आत उणे १९६ अंश सेल्सिअसचा द्रवरूप नायट्रोजन असतो आणि रेतनाच्या कांड्या त्यात बुडवून ठेवलेल्या असतात, हे मला पुढं कळलं. उरुळी कांचनच्या बायफनं आणि पशुसंवर्धन खात्यानं अशी भांडी महाराष्ट्रात खेडोपाडी पोचवली, त्यामुळं माझ्यासारख्या कितीतरी जणांनी ही वाफ लहानपणी पाहिली असेल.

तेव्हा एक गोष्ट लक्षात आली नव्हती. त्या भांड्याला ना तार जोडलेली होती, ना मोटर. एवढी भयंकर थंडी नुसत्या दुहेरी भिंतीच्या आधारावर आठवडेच्या आठवडे टिकत होती. ती थंडी तयार करायला कुठल्या तरी कारखान्यात वीज खर्ची पडली होती. म्हणजे एका अर्थानं ती वीजच भांड्यात भरून गावात आली होती. मग भांड्यातून ती पुन्हा वीज म्हणून बाहेर काढता येईल का? येते. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ कॅरिंग्टन नावाच्या ठिकाणी, जिथं एकेकाळी कोळशावरचं वीजकेंद्र होतं त्या जागेवर, नेमकं याच कामासाठी द्रवरूप हवेचं एक मोठं केंद्र उभारलं जातंय. ते कसं चालतं, ते सावकाश पाहू.

आधी गरज समजून घेऊ. ब्रिटनमध्ये पवनचक्क्या उत्तरेला, स्कॉटलंडात आणि समुद्रात जास्त. माणसं आणि कारखाने दक्षिणेला जास्त. रात्री वारा जोरात सुटला की स्कॉटलंडात भरपूर वीज तयार होते, पण ती दक्षिणेकडे नेणाऱ्या तारांची ताकद अपुरी पडते. अशा वेळी ग्रिड सांभाळणारी यंत्रणा पवनचक्कीवाल्यांना पंखे थांबवायला सांगते, आणि थांबल्याबद्दल त्यांना पैसेही देते. वर दक्षिणेतली गरज भागवायला गॅसवरची केंद्रं चालवावी लागतात, त्याचे पैसे वेगळेच. आपल्याकडं हेच दुखणं उन्हाच्या रूपानं आहे. दुपारी सौर पॅनेलमधून वीज ओसंडते आणि संध्याकाळी सातला, जेव्हा घराघरांत दिवे, पंखे आणि मिक्सर एकदम सुरू होतात, तेव्हा सूर्य मावळलेला असतो. पावसाळ्यापूर्वी घरात धान्य, लाकूडफाटा, पापड-कुरडया भरून ठेवतात, तशी विजेची बेगमी करायची तर ती कशात करायची, असा हा प्रश्न आहे.

आता यंत्राकडं वळू. त्याचे तीन भाग आहेत. वीज जास्त असेल तेव्हा हवेचा द्रव करणारा, तो द्रव साठवणारा आणि वीज हवी असेल तेव्हा द्रवाची पुन्हा हवा करून टर्बाइन फिरवणारा. यातला पहिला भाग सर्वांत अवघड, म्हणून तिथं थोडं रेंगाळू.

हवा आत घेतल्यावर पहिलं काम तिला स्वच्छ करण्याचं. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन आणि एक टक्क्याच्या आसपास आरगॉन असतो. हे तिन्ही वायू आपल्याला हवे आहेत. नको आहे ती पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड. तापमान शून्याखाली गेलं की वाफेचा बर्फ होतो आणि उणे ७८ अंशांच्या आसपास कार्बन डायऑक्साइडही गोठतो. हा बर्फ यंत्रातल्या बारीक नळ्यांमध्ये अडकला तर सगळं ठप्प. म्हणून हवा आधी झिओलाइटच्या दाण्यांमधून जाऊ देतात. या दाण्यांना अतिसूक्ष्म छिद्रं असतात. पाणी आणि कार्बन डायऑक्साइडचे रेणू ते धरून ठेवतात आणि बाकीची हवा पुढं सोडतात.

मग कॉम्प्रेसर ही हवा दाबतो. सायकलला हवा भरताना पंपाचं खालचं टोक तापतं, हे सर्वांनी हाताला अनुभवलेलं असतं. इथंही तेच होतं, फक्त प्रचंड प्रमाणावर. बहुतेक ठिकाणच्या कॉम्प्रेसरची ही उष्णता वातावरणात सोडून दिली जाते. इथं ती सोडायची नाही. ती तेलात, वितळलेल्या क्षारात किंवा दाबाखालच्या गरम पाण्यात भरून एका वेगळ्या टाकीत झाकून ठेवायची. ही टाकी लक्षात ठेवा, पुढं तिची गरज लागणार आहे.

दाबलेली हवा पुन्हा साध्या तापमानावर आली की तिला थंड करायची. दाबाखालची हवा एकदम मोकळी सोडली तर ती गार होते. हे विल्यम थॉमसन आणि जेम्स जूल यांनी १८५२ मध्ये प्रयोगातून दाखवलं. पण हा गारवा फार तुटपुंजा असतो. साध्या तापमानाला दाब वातावरणाच्या दाबाएवढा एकेक पट उतरला, तर दर वेळी जेमतेम पाव अंश. दोनशे पट दाबातली हवा एका झडपेतून सोडली तरी ४०-५० अंशांचाच फरक पडेल, आणि आपल्याला जायचंय उणे १९४ पर्यंत.

यावर म्युनिकच्या कार्ल फॉन लिंडे यांनी १८९५ मध्ये जी युक्ती यशस्वी केली, तिच्यावर आजचा सगळा औद्योगिक वायूंचा धंदा उभा आहे. झडपेतून सुटून गार झालेली हवा बाहेर न सोडता ते तिला मागं फिरवत, आणि आत येणाऱ्या दाबाखालच्या हवेच्या नळीला लगटून उलट्या दिशेनं जाऊ देत. जाणारी हवा येणाऱ्या हवेला आपला गारवा देऊन जाते. त्यामुळं पुढची हवा झडपेपाशी पोचते तेव्हा आधीच गार असते, आणि सुटल्यावर आणखी गार होते. तिच्या गारव्यानं त्याच्या पुढची हवा अधिकच गार. असं पायरी पायरीनं तापमान उतरत जातं आणि एका क्षणी झडपेखाली थेंब पडू लागतात. फिकट निळसर झाक असलेले, हवेचे थेंब. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये विल्यम हॅम्पसन यांनी स्वतंत्रपणे हीच युक्ती शोधली होती. १९०२ मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज क्लोद यांनी त्यात सुधारणा केली: हवा नुसती झडपेतून सोडून न देता तिला दट्ट्या ढकलायला लावायचा. काम करताना हवा आपली ऊर्जा खर्च करते, त्यामुळं जास्त गार होते. आजच्या यंत्रात दट्ट्याऐवजी छोटं टर्बाइन असतं आणि शेवटची पायरी मात्र झडपेचीच.

म्हणजे या तंत्रातला निम्मा भाग सव्वाशे वर्षं जुना आणि कसून तपासलेला आहे. पोलाद कारखान्यांत आणि वायूंच्या कारखान्यांत हवा द्रवरूप करून ऑक्सिजन वेगळा काढणं रोज चालतं. एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेवर चढवून विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याकडं पाठवले होते, आणि ते भरून महाराष्ट्रात परत आले. ती पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस. त्या टँकरमधला ऑक्सिजन म्हणजे याच रीतीनं द्रवरूप केलेल्या हवेचा एक हिस्सा होता. टँकर, टाक्या, पंप, झडपा आणि ते हाताळणारी माणसं असं सगळं आपल्या देशात आधीपासून आहे. नव्या तंत्राची ही बाजू मला फार मोलाची वाटते.

दुसरा भाग साठवणुकीचा. साधारण ७०० लिटर हवेचा एक लिटर द्रव होतो. त्याला दाबाखाली ठेवावं लागत नाही, फक्त गार ठेवावं लागतं. टाकीला दोन भिंती असतात. आतली भिंत निकेल मिसळलेल्या पोलादाची किंवा स्टेनलेस स्टीलची, कारण साधं लोखंड इतक्या थंडीत काचेसारखं ठिसूळ होतं. दोन भिंतींच्या मधे परलाइट भरतात. हा ज्वालामुखीतून आलेल्या एका खनिजाचा लाहीसारखा फुलवलेला चुरा. तरीही थोडी उष्णता आत झिरपतेच आणि थोडा द्रव रोज उडून जातो. पण टाकी जितकी मोठी, तितकं हे प्रमाण कमी. बशीतला चहा बघता बघता निवतो आणि बंबातलं पाणी तासन्‌तास गरम राहतं, त्याचं कारण हेच आहे. टाकीची लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली तर आतला द्रव आठपट होतो, पण उष्णता जिथून शिरते तो पृष्ठभाग चौपटच होतो. मोठ्या टाकीत दिवसाला टक्क्याच्या अगदी लहान अंशाएवढाच द्रव उडतो. वीज काही तास, काही दिवस धरून ठेवायची तर हे नुकसान किरकोळ आहे.

आता तिसरा भाग, आणि इथं खरी गंमत आहे. थंडगार द्रवातून वीज निघते कशी?

लग्नाच्या स्वयंपाकात मोठ्या भट्टीला लावलेला गॅस सिलिंडर पाहिला असेल. खालच्या अंगाला त्याच्यावर दव धरतं, कधी बर्फही जमतो, आणि आचारी त्याला गरम पाण्याच्या टबात उभा करतो. आतला द्रवरूप गॅस उकळून वायू होताना भोवतालची उष्णता ओढून घेतो, म्हणून सिलिंडर गारठतो. चूल पेटवावी लागत नाही. स्वयंपाकघरातली हवा हीच त्याच्यासाठी चूल असते. द्रवरूप हवेचं असंच, पण कितीतरी तीव्र. पाणी १०० अंशांना उकळतं, म्हणून वाफेचं इंजिन चालवायला कोळसा जाळावा लागतो. हवा उणे १९४ अंशांना उकळते. तिच्या हिशेबानं डिसेंबरातलं मँचेस्टरसुद्धा धगधगती भट्टी आहे. इंधन न जाळता, नुसत्या भोवतालच्या उष्णतेवर तिचं इंजिन चालू शकतं.

प्रत्यक्षात क्रम असा असतो. पंप द्रवाला आधी मोठ्या दाबाखाली नेतो. इथं एक मोठा फायदा पदरात पडतो: द्रव दाबायला वायूच्या मानानं अगदी थोडी वीज लागते, कारण तो जवळपास आकुंचन पावतच नाही. मग दाबातला हा द्रव तापवून त्याची हवा करतात. तिला फुगायचं असतं पण जागा नसते, म्हणून ती कमालीच्या जोरानं टर्बाइनवर आदळते आणि टर्बाइन फिरतं. त्याआधी तिला आणखी तापवायचं. मघाची ती उष्णतेची टाकी इथं कामी येते. कॉम्प्रेसरनं दिवसभर तापवून ठेवलेलं तेल किंवा क्षार हवेला ऊब देतात आणि टर्बाइनमधून जास्त काम निघतं. हवा एका टप्प्यातून बाहेर पडली की पुन्हा तापवून दुसऱ्या टप्प्यात, असं दोन-चार वेळा करतात. शेवटी बाहेर पडते ती हवाच. धूर नाही, राख नाही.

उष्णता जशी जपली, तशी थंडीही जपायची. द्रवाची हवा होताना जी भयंकर थंडी सुटते, ती वाऱ्यावर सोडली तर उद्या नवी हवा द्रवरूप करायला ती पुन्हा वीज खर्चून निर्माण करावी लागेल. म्हणून खडी भरलेल्या उंच टाक्या ठेवतात. वीज काढताना थंडी या खडीत मुरवायची आणि हवा द्रवरूप करताना तिच्यातून परत घ्यायची. जुन्या वाड्यातली शहाबादी फरशी रात्री गार पडते आणि दुपारपर्यंत तो गारवा धरून ठेवते, तसंच हे. दिसायला अगदी साधी वस्तू, गोल गोटे भरलेलं पिंप. पण साऱ्या केंद्राचा नफा-तोटा या गोट्यांवर ठरतो.

का ठरतो, ते आकड्यांत पाहू. एक किलो साध्या हवेचा द्रव करायला निसर्गनियमानं किमान ०.२ युनिट वीज लागते. हा आदर्श यंत्राचा हिशेब झाला. खऱ्या यंत्राला, थंडीची मदत नसेल तर, याच्या दुपटीच्या आसपास लागते. आणि तो एक किलो द्रव टर्बाइनमधून सोडला की परत मिळतं साधारण ०.१ युनिट, फार तर थोडं जास्त. म्हणजे थंडी वाया घालवली तर चारातले तीन हिस्से गेले. ती पुरेपूर परत घेतली तर द्रव करण्याचा खर्च जवळपास निम्म्यावर येतो आणि सारं गणित बदलतं. हवा साठवणं सोपं आहे. गरम आणि गार दोन्ही न सांडता सांभाळणं, हेच या तंत्रातलं कसब आहे.

हे जिथं लोकांना उमगलं नाही, तिथं फसवणूक झाली. १८९९ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स ट्रिपलर नावाचा गृहस्थ द्रवरूप हवेचे प्रयोग लोकांपुढं करून दाखवत असे. बर्फाच्या लादीवर ठेवलेली किटली उकळताना पाहून लोक थक्क होत. तीन गॅलन द्रवरूप हवेवर इंजिन चालवून मी दहा गॅलन नवी द्रवरूप हवा बनवतो, असा त्याचा दावा होता. मासिकांनी त्याला डोक्यावर घेतलं, कंपनी निघाली, लोकांनी पैसे गुंतवले आणि काही वर्षांत सारं कोसळलं. द्रवरूप हवा ही विजेची खाण नव्हे, कणगी आहे. जेवढं भरलं त्याहून कमीच निघणार. किती कमी, एवढाच प्रश्न असतो.

वीज साठवण्यासाठी द्रवरूप हवा वापरावी, हा विचार १९७७ मध्ये न्यूकॅसल विद्यापीठातल्या ई. एम. स्मिथ यांनी शोधनिबंधात मांडला. पुढं जपानमध्ये मित्सुबिशी आणि हिताचीनं त्यावर काम केलं. पण तंत्राला आजचं रूप आलं ते पीटर डिअरमन या इंग्रज संशोधकाच्या खटपटीनंतर. त्यांनी आपल्या गॅरेजमध्ये द्रवरूप हवेवर चालणारं छोटं इंजिन बनवलं आणि एका जुन्या मोटारीत बसवून ती चालवून दाखवली. त्यातून वीज साठवण्याच्या कल्पनेला चालना मिळाली आणि २००५ मध्ये हायव्ह्यू ही कंपनी सुरू झाली. लंडनच्या पश्चिमेला स्लाव इथं एका वीजकेंद्राच्या आवारात ३५० किलोवॉटचं प्रायोगिक यंत्र २०११ पासून चालवलं गेलं. नंतर ते बर्मिंगहॅम विद्यापीठाला दिलं. त्या यंत्राचा निकाल मुद्दाम सांगतो: आत घातलेल्या १०० युनिटमागं परत आले सुमारे आठ. ऐकायला निराशाजनक आहे. पण यंत्र लहान होतं, लहान यंत्रात गळती जास्त, आणि थंडी परत घेण्याची सोयही अपुरी होती. प्रत्येक भाग एकमेकांशी जोडून चालतो का, हे तपासण्यासाठी ते बांधलं होतं आणि ते त्यानं दाखवून दिलं. अभ्यासकांनी हा आठचा आकडा उघडपणे छापला, याचा मला आदर वाटतो.

२०१८ च्या जूनमध्ये मँचेस्टरजवळच्या बरी भागात, पिल्सवर्थ इथल्या कचराभूमीशेजारी पाच मेगावॉटचं आणि १५ हजार युनिट साठवणारं केंद्र सुरू झालं. जागा विचारपूर्वक निवडलेली होती. कचऱ्यातून निघणाऱ्या वायूवर तिथं इंजिनं चालत, आणि त्यांची वाया जाणारी उष्णता हवा तापवायला आयती मिळत होती. त्यानंतरची पायरी कॅरिंग्टनची: ५० मेगावॉट, सलग सहा तास, म्हणजे तीन लाख युनिट. ब्रिटिश सरकारनं आधी एक कोटी पौंड दिले होते. जून २०२४ मध्ये तिथल्या सरकारी पायाभूत गुंतवणूक बँकेसह इतरांनी मिळून ३० कोटी पौंडांचं भांडवल उभं केलं. चीनमध्ये चिंगहाय प्रांतातल्या गोलमुडजवळ सौर प्रकल्पाच्या शेजारी ६० मेगावॉटचं, दहा तासांचं केंद्र बांधलं गेलंय.

तीन लाख युनिटसाठी टाकी केवढी लागेल? किलोमागं ०.१ युनिट धरलं तर तीन हजार टन द्रव. एक घनमीटर द्रवाचं वजन सुमारे ८७० किलो, म्हणजे साडेतीन हजार घनमीटरच्या आतबाहेर. सोळा मीटर व्यासाची आणि सतराएक मीटर उंच, पाचमजली इमारतीएवढी एक टाकी झाली. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या तीन हजार घरांची महिनाभराची वीज तीत मावते.

हा आकार किती लहान आहे, ते कळण्यासाठी घाटघरकडं पाहू. अकोले तालुक्यातल्या त्या धरणातून पाणी सुमारे ४०० मीटर खाली शहापूरच्या बाजूला सोडून २५० मेगावॉट वीज करतात आणि रात्री-अपरात्री वीज शिल्लक असली की तेच पाणी पंपानं वर चढवतात. वीज साठवण्याची ही जुनी, भरवशाची आणि आजही सर्वांत मोठी रीत आहे. तिथून एक घनमीटर पाणी खाली आलं की साधारण एक युनिट ऊर्जा सुटते. तेवढ्याच द्रवरूप हवेतून ८० ते ९० युनिट निघतात. पाण्याला कडा लागतो, दोन धरणं लागतात, जंगल आणि जमीन बुडते, लोकांना उठवावं लागतं. द्रवरूप हवेला सपाट जागा आणि विजेची तार पुरते.

बॅटरीशी तुलना केली तर चित्र वेगळं दिसतं. लिथियमच्या बॅटरीतून १०० युनिटमागं ८५ ते ९० परत मिळतात. पाणी चढवण्याच्या रीतीत ७० ते ८०. द्रवरूप हवेच्या मोठ्या केंद्रासाठी अभ्यासकांचा हिशेब ५० ते ६० चा आहे, आणि शेजारच्या कारखान्याची वाया जाणारी उष्णता जोडली तर ७० पर्यंत. या एका मोजमापावर द्रवरूप हवा बॅटरीपुढं हरते, ते मान्यच करायला हवं. पण बॅटरीत साठा दुप्पट करायचा तर बॅटऱ्याच दुप्पट घ्याव्या लागतात. इथं कॉम्प्रेसर आणि टर्बाइन तेच ठेवून नुसती टाकी मोठी करायची, आणि टाकी हा केंद्राचा स्वस्त भाग आहे. दोन तासांसाठी बॅटरीच बरी. आठ-दहा तासांसाठी किंवा वारा पडलेला सबंध दिवस काढण्यासाठी द्रवरूप हवेचा विचार करावा लागतो. त्यात लिथियम किंवा कोबाल्ट लागत नाही, आणि अशी यंत्रं ३०-४० वर्षं चालतात.

आणखी एक फायदा सहसा कुणी सांगत नाही. विहिरीवरच्या जुन्या ऑइल इंजिनाला मोठं जड चाक असे. इंजिन मधेच अडखळलं तरी चाकाच्या झोकामुळं पंप एकसारखा चाले. ग्रिडमध्ये हेच काम कोळशाच्या आणि पाण्याच्या केंद्रांतली शेकडो टनांची फिरती यंत्रं करत आली. सौर पॅनेलमध्ये फिरणारं काहीच नसतं. ब्रिटननं आपलं शेवटचं कोळसा केंद्र ३० सप्टेंबर २०२४ ला बंद केलं, तेव्हापासून तिथं हा झोक कुठून आणायचा याची चिंता वाढली आहे. द्रवरूप हवेच्या केंद्रात जड टर्बाइन-जनित्र असतं, त्यामुळं तो झोक आपसूक मिळतो. कॅरिंग्टनच्या आराखड्यात ग्रिड स्थिर ठेवण्याची यंत्रणा त्यासाठीच आधी उभारायची ठरली.

धोक्याचंही सांगायला हवं. नायट्रोजन ऑक्सिजनच्या आधी उकळतो. टाकीतून द्रव हळूहळू उडत असतो तेव्हा आधी नायट्रोजन निघून जातो आणि मागं ऑक्सिजनचं प्रमाण वाढत राहतं. ऑक्सिजननं भरलेल्या अशा द्रवाशेजारी तेल-ग्रीस असेल तर आग भडकते. बंदिस्त जागेत नायट्रोजन साचला तर माणूस गुदमरतो आणि त्याला त्याची जाणीवही होत नाही. हे धोके वायू-उद्योगाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहेत आणि त्यांचे नियमही ठरलेले आहेत, पण ते पाळणारी शिस्त प्रत्येक केंद्रात नव्यानं रुजवावी लागते.

महाराष्ट्रापुरतं माझं मत असं आहे. सह्याद्रीचा कडा आपल्याला मिळालेला आहे, तेव्हा पाण्याच्या रीतीला पहिला मान. पण कोकणात अंजनवेलला, दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी, एलएनजीचं टर्मिनल आहे. जहाजानं उणे १६२ अंशांचा द्रवरूप नैसर्गिक वायू येतो आणि पाइपलाइनमध्ये सोडण्यापूर्वी त्याला तापवून वायू करावा लागतो. अशा टर्मिनलांवर ही थंडी बहुधा समुद्राच्या पाण्याला किंवा हवेला देऊन टाकतात. जपानमध्ये अशा थंडीवर हवा द्रवरूप करण्याचे कारखाने कित्येक दशकं चालू आहेत. द्रवरूप हवेच्या केंद्राला सर्वांत महाग पडणारी वस्तू इथं फुकट वाहून जाते. महाराष्ट्रात या तंत्राची परीक्षा घ्यायचीच असेल तर ती अशा जागी घ्यावी, जिथं थंडी किंवा उष्णता आयती मिळते. उघड्या माळावर नुसती टाकी उभारून ५० टक्क्यांवर समाधान मानायचं कारण नाही.

कॅरिंग्टनचं केंद्र पूर्ण क्षमतेनं चालू झाल्याची बातमी येईल, तेव्हा किती मेगावॉट आणि किती घरं हे आकडे ठळक छापून येतील. ते वाचून पान उलटू नका. आत गेलेल्या १०० युनिटमागं बाहेर किती आले, हा आकडा त्या बातमीत शोधा. स्लावला तो आठ होता. कॅरिंग्टनला तो ५० च्या वर टिकला, तर अंजनवेलबद्दल विचारायला आपल्याकडं भक्कम आधार असेल.